जामीनदार

बँकेच्या मॅडम गेल्या आणि बाळा गायकरला खुर्चीत बसवेना. ऑफिसातून तो ड्रमांकडे गेला, ड्रमांकडून बॉयलरकडे, तिथून मागच्या भिंतीपर्यंत आणि पुन्हा ऑफिसात. शेठचं काही हरवलंय की काय, म्हणून कामगार एकमेकांकडे बघायला लागले.

एरवी वर्षाचं हे काम चहा गार व्हायच्या आत उरकायचं. बँकेचा माणूस अंबरनाथच्या या वॉशिंगच्या कारखान्यात यायचा, ढिगानं पडलेल्या जीन्स बघायचा, सह्या घ्यायचा आणि खेळत्या कर्जाचं लिमिट पुढच्या वर्षासाठी चालू. त्या लिमिटवरच सगळं उभं होतं. उल्हासनगरचे व्यापारी जीन्स शिवून इकडे धुवायला, रंग उतरवायला पाठवायचे आणि पैसे द्यायचे त्यांच्या सवडीनं. केमिकलवाला आणि कामगार मात्र कुणाची सवड बघत नसत. मधलं अंतर बँक भरून काढायची. आणि बाळानं बँकेला कधी उशीर केला नव्हता. लॉकडाऊनमध्ये बायकोच्या पाटल्या मोडल्या, पण व्याज वेळेवर भरलं.

यंदा आलेल्या प्रीती मॅडम नव्या होत्या, त्याच्या मुलीपेक्षा, तेजस्वीपेक्षाही लहान. त्यांनी जीन्सकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाणी कुठून घेता काका?"

"टँकरचं. थोडं लायनीचं."

"आणि जातं कुठं?"

बाळानं हात नुसताच हवेत फिरवला. पण मॅडम तोवर मागच्या भिंतीपर्यंत चालत गेल्या होत्या. भिंतीखालून निळंकाळं पाणी वाफा सोडत बाहेर पडत होतं आणि वालधुनी नदीच्या दिशेनं चाललं होतं. त्या तिथे नाकाला रुमाल न लावता उभ्या राहिल्या. बाळाला तेच जास्त लागलं. रुमाल लावला असता, तर निदान राग धरता आला असता.

"काका, तुमचा पैशांचा रेकॉर्ड एकदम चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण आता हेड ऑफिस पाण्याचंही विचारतं. उद्या कारखान्याला सील लागलं तर बँकेचे पैसे कुठून येणार, असं ते बघतात. हे असं असताना मला लिमिट रिन्यू करता येणार नाही."

"मग पाणी साफ करायचा प्लांट टाकायला कर्ज द्या. आम्ही नाही म्हणतोय का?"

"त्याला वेगळी स्कीम आहे. व्याजही कमी आहे. पण त्याला प्रदूषण बोर्डाची परवानगी जोडावी लागते."

"ती कधी मिळते?"

प्रीती मॅडमनी खाली बघितलं. "प्लांट बसवल्यावर."

त्या गेल्या, तरी ते उत्तर कारखान्यातच राहिलं. बाळा चालून चालून दमला तेव्हा तेजस्वीनं ऑफिसाचं दार लावून घेतलं. बँकेचं आणि ऑर्डरींचं सगळं तीच बघायची.

"पप्पा, मॅडमचं चुकलं काय त्यात?"

"तू कुणाच्या बाजूची?"

"कारखान्याच्या. मी सुरतेला लेझरचं मशीन बघून आले, तुम्हाला सांगितलं होतं. जीन्सचा रंग लेझरनं उतरतो, पाणी जवळपास लागतच नाही. त्याला बँक लगेच कर्ज देईल. ड्रम मात्र बंद करावे लागतील."

"ड्रम बंद म्हणजे कारखाना बंद."

"ड्रम बंद म्हणजे ड्रम बंद, पप्पा."

संध्याकाळी धाकटा भाऊ धर्मेश बाजारातून आला आणि सगळं ऐकून, बूट न काढताच सोफ्यावर पसरला. कारखान्यात अर्धी भागी त्याची. गिऱ्हाईक आणणं, वसुली करणं, कुणाला कुठं गाठायचं हे त्याच्याकडे.

"टेन्शन कशाला घेतोस दादा? रविवारी चामटोलीला जाऊ. ताईची जागा रिकामी पडलीय. शेड टाकायची, मशिनी हलवायच्या. तिकडं कोण बघायला येतंय?"

बाळाच्याही मनात हे एकदा येऊन गेलं होतं. म्हणून तो हो म्हणाला. पण रात्रभर कूस बदलत राहिला.

*

जनाबाई या दोघांची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. चामटोलीला मुलाबरोबर, कल्पेशबरोबर राहायची. घराच्या मागं भाताची खाचरं, दुधीचा मांडव आणि काठापर्यंत दगड लावलेली विहीर. भाऊ येणार म्हणून तिनं सकाळपासून मटण रटरटत ठेवलं होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. कशासाठी येतायत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाळानं ठरवलं होतं, जेवणं होऊ द्यायची, मग हळूच विषय काढायचा. पण जेवायच्या आधीच कल्पेश त्याला मागं घेऊन गेला. खाचराच्या कडेनं खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि खुंट्यांना पिवळी दोरी.

"मामा, सोमवारी पोल टाकायला माणूस येतोय. तुम्ही शेडचा दरवाजा रस्त्याच्या बाजूला घेणार ना?"

बाळानं दोरीकडे बघितलं, मग धर्मेशकडे. धर्मेश मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता.

"कुणाला विचारून?"

"दादा, वेळ कुठं आहे?" धर्मेशनं मोबाइल खिशात टाकला. "उल्हासनगरचा तो सावकार, कॅम्प पाचचा शेठ, पैसे द्यायला तयार आहे. जागेचे कागद ठेवले की दुसऱ्या दिवशी रक्कम हातात. तो ना पाणी विचारत ना परवानगी."

"व्याज?"

"व्याज जास्त आहे. प्रश्न कमी आहेत."

विचारायला म्हणून आलेला बाळा, सगळं ठरल्यावर बोलावलेल्या पाहुण्यासारखा उभा राहिला. आपल्या पाठीमागं भाच्यानं आणि भावानं कधी बैठका घेतल्या, हे तो मनात जुळवत राहिला.

पडवीत ताटं मांडली गेली. बोलणं तिथंच सुरू झालं, कारण तेजस्वीला दम निघाला नाही.

"काका, बँकेनं जे इथं विचारलं ते उद्या चामटोलीलाही विचारणारच कुणीतरी. मग?"

"मग पुढं सरकू. कर्जत आहे, मुरबाड आहे. जागेला तोटा आहे का?"

"आणि मागं जे राहील ते?"

"ए तेजू," कल्पेश मधेच म्हणाला, "तुला बोलायला काय जातंय? तू ऑफिसात पंख्याखाली बसतेस. मी विठ्ठलवाडी डेपोत कंत्राटावर. मागच्या वर्षी बॅटरीच्या रिक्षाला कर्ज मागायला गेलो होतो. बाहेर भिंतीवर हा एवढा बोर्ड, हिरव्यागार झाडाचं चित्र, पर्यावरणासाठी स्वस्त कर्ज. आत गेलो तर म्हणतात, पर्मनंट नोकरी नाही, होणार नाही. धूर न सोडणारी गाडी मागत होतो मी. मग आता धूर सोडणाऱ्याचं भाडं येतंय तर मी का नको म्हणू?"

पोराचं काही खोटं नव्हतं. कंत्राटाच्या पगारात लग्न ठरत नव्हतं त्याचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"माझी तर सही तयार आहे," कल्पेश म्हणाला. "आईची पाहिजे फक्त."

आता सगळे जनाबाईकडे बघायला लागले. ती भाकरी वाढत होती. प्रत्येकाच्या ताटात भाकरी पडली, मग ती भिंतीला टेकून बसली.

"बाला, तू बोल. ह्ये दोघं बोलतान, पोरगी बोलते, तूच गप."

"ताई, जागा तुझी आहे. मी काय बोलणार?"

"जागंचं ऱ्हाऊ दे. मागं बाबा गेल्यावर तू अंबरनाथच्या जमिनीचा कागद आनलास. मी वाचला का? नाय. तू बोललास, ताई हितं सही कर. मी केली. मना त्याचं काय बी नाय, तुझा कारखाना झाला, मना बरं वाटलं. आता बी करीन. तू नुसतं एक सांग. शेड झाल्यावं हिरीचं पानी मना प्यायला येल का?"

तिच्या आवाजात काही खोच नव्हती. बाजारात भेंडीचा भाव विचारावा तसं तिनं विचारलं होतं.

बाळाच्या तोंडात उत्तर तयार होतं. प्लांट टाकू ताई. पाणी साफ करूनच सोडू. विहिरीपासून लांब खड्डा मारू. असली उत्तरं त्यानं आयुष्यभर अधिकाऱ्यांना, शेजाऱ्यांना दिली होती आणि देताना कधी अडखळला नव्हता. अंबरनाथला कारखान्याच्या बोअरला निळं पाणी यायला लागलं, तेव्हा त्यानं झाकण सिमेंटनं बंद करून टँकर लावला. तेव्हाही शेजारच्या चाळीला सांगितलं होतं की जमिनीतच खार आहे. जमिनीत काय आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

जनाबाई वाट बघत होती. तो जे सांगेल ते ती खरं धरणार होती. आणि सही करणार होती.

"नाय येणार," तो म्हणाला.

त्यानं मोडलेली भाकरी ताटात ठेवली.

"पहिल्या वर्षी येईल. पुढं नाय येणार. भातालाही नाय चालणार. सही करू नको ताई."

धर्मेशनं ताट पुढं सरकवलं. "वा. घरून निघताना हो म्हणालास, इथं येऊन साधू झालास. मग माझं काय? माझी दोन पोरं शिकतायत. तुझी मुलगी लेझर आणणार, बँक तुम्हाला कर्ज देणार, तुम्ही चांगले. ड्रम चालवून हा कारखाना उभा कुणी केला? रात्री-बेरात्री माल कुणी उतरवला?"

"तू केलंस. मी कधी नाकारलं?"

"मग मला माझे ड्रम दे. बॉयलर दे. जागा तुला ठेव, बँकेचं देणंही तुलाच ठेव. माझं मी बघतो."

"धरमा, ताटावं बसून वाटनी करू नको," जनाबाई म्हणाली. पण तोवर ती झालीच होती. कल्पेश उठून मागं गेला. थोड्या वेळानं खुंट्या उपटल्याचा आवाज आला. तो एकेक खुंटी उपटून कुंपणावर आपटत होता. बाळा जेवला, पण काय जेवला हे त्याला आठवलं नाही.

*

पावसाळाभर घर दुभंगलेलं राहिलं. बाळानं अंबरनाथ पश्चिमेचा फ्लॅट विकून बँकेचं जुनं लिमिट फेडलं. ड्रम आणि बॉयलर ट्रकवर चढताना तो उभा होता. धर्मेशनं ट्रकवाल्याशी बोलणं केलं, हमालांना पाणी दिलं, भावाकडे मात्र बघितलं नाही. कुठं चाललास, हे बाळानं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मागच्या भिंतीखालचं भोक गवंड्याला बोलावून बुजवलं. रिकाम्या शेडमध्ये बाळाची पावलं वाजायची. ड्रमांच्या आवाजाची सवय असलेल्या माणसाला ती शांतता सोसेना, म्हणून तो दिवसभर उगाच बाजारात फेऱ्या मारायचा. सिंधी व्यापारी विचारायचे, "क्या साईं, धंदा बंद?" तो हसून पुढं जायचा.

बरेच कामगार गेले. वांगणीकडच्या पाड्यावरून येणारी नवसी तेवढी अधूनमधून चौकशीला यायची. जीन्स घासून जुनी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि लेझर नेमकं तेच काम करणार होतं. तेजस्वीनं तिला पॅकिंगचं काम देऊ केलं. एक दिवस ती येऊन दाराशी उभी राहिली.

"शेठ, मी धाकल्या शेठकं जाते. त्यांची शेड आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला झालीय, वांगणीच्या पुढं. चालत जाता येतं. गाडीभाडं वाचल."

"जा की," बाळा म्हणाला. आणि ती वळल्यावर म्हणाला, "नवसी, तुमच्याकडं प्यायला पाणी कुठलं?"

"ओढ्याकाठच्या हिरीचं."

तिनं ते सहज सांगितलं आणि गेली. बाळाला त्या दिवसापासून पुन्हा झोप लागेना.

*

लेझरच्या कर्जासाठी प्रीती मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा गणपती होऊन गेले होते. त्यांनी बुजवलेली भिंत बघितली, फोटो काढले. मग जरा संकोचून म्हणाल्या, "काका, कर्ज तुमच्या नावावर होणार नाही. जुन्या कारखान्याला मध्यंतरी प्रदूषण बोर्डाची नोटीस लागून गेलीय, ते नाव कम्प्युटर पुढं सरकू देत नाही. नवी फर्म तेजस्वीच्या नावावर. तुम्ही जामीनदार राहा."

"म्हणजे मला कर्ज मिळत नाही. पण ते बुडालं तर फेडायचं मी."

"हो," मॅडम म्हणाल्या.

इतकं सरळ उत्तर ऐकून बाळाला उलट बरं वाटलं. त्यानं पेन घेतलं.

"एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "जुने ड्रम कुठं गेले? तुमच्यापैकी कुणी दुसरीकडं तेच काम चालवत नाही ना, हे हल्ली विचारायला लागतं."

"भंगारात दिले," तेजस्वी चटकन म्हणाली.

बाळानं मुलीकडे बघितलं. तिची नजर टेबलावर होती आणि कान लाल झाले होते. चामटोलीच्या पडवीत तो बोलला होता, तेव्हा हिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. आणि आता ती खोटं बोलली होती, तो आयुष्यभर बोलत आला तशाच सफाईनं.

"भंगारात नाही," तो म्हणाला. "माझ्या भावाकडं आहेत. वांगणीच्या पुढं. चालू आहेत."

प्रीती मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, मी हे ऐकलं तर मला लिहावं लागेल. मग ते ड्रम बंद झाल्याचं दिसेपर्यंत फाईल पुढं जाणार नाही."

"लिहा."

मॅडम गेल्यावर तेजस्वीनं फाईल मिटून ड्रॉवरमध्ये टाकली. मग म्हणाली, "एका शब्दानं काम होत होतं पप्पा. फ्लॅट गेला, कामगार गेले, आता हेही गेलं. काकांनी तुमच्याकडं वाटणी मागितली, त्यांच्यासाठी?"

"काकांसाठी नाही."

"आत्याची विहीर होती तेव्हा वेगळं होतं."

"आणि ही कुणाची नाही का?"

तेजस्वीनं तोंड फिरवलं. मग तिनं ड्रॉवरमधून स्कूटरची चावी काढून त्याच्यासमोर ठेवली. "जा. पण भांडून येऊ नका."

*

वांगणी मागं टाकल्यावर रस्ता चढाला लागला. शेड लांबूनच ऐकू आली. ड्रमांची ती घरघर बाळानं झोपेतही ओळखली असती. पत्र्याच्या सावलीत धर्मेश एकटाच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. शेडच्या मागून एक पन्हळ निघाली होती आणि तिच्यातून निळं पाणी दगडांवरून खाली, ओढ्याकडे चाललं होतं. खालच्या वळणावर कुणाची तरी गुरं उभी होती.

"बघायला आलास?" धर्मेश म्हणाला.

"हो."

"बघ मग. सांग बँकेला."

"सांगितलं."

धर्मेश एक पाऊल पुढं आला. बाळा जागचा हलला नाही. धर्मेशचा हात उठला, पण तो त्यानं स्वतःच्या कपाळावर नेला आणि तिथल्याच केमिकलच्या कॅनवर मटकन बसला.

"तुला माहितीय मी काय गहाण ठेवलंय? राहतं घर. चामटोलीची जागा नाही मिळाली, मग काय ठेवणार? एक दिवस ड्रम थांबले की कॅम्प पाचच्या शेठचा माणूस दारात येतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही." त्यानं ओढ्याकडे हात केला. "मला दिसत नाही का हे? रोज दिसतं. नवसी सकाळी कामाला येते, ती मला विचारते, शेठ, पाण्याचा हा रंग उतरंल ना? मी म्हणतो, उतरेल."

बाळा त्याच्या शेजारी दुसऱ्या कॅनवर बसला. लहानपणी बांधावर बसायचे तसे दोघं बसले होते, पण तसं वाटत नव्हतं.

"शेठला फोन लाव," बाळा म्हणाला.

"काय सांगू?"

"सांग, दादा येतोय. घर सोडव, मुदत वाढव. धर्मेशला मी जामीन. कारखान्याची जागा माझ्या नावावर आहे अजून, ती ठेवतो."

"ती तर तेजूच्या कर्जाला…"

"तेजूला मी बघतो. रागावेल. रागावू दे."

"आणि मी काय करू? लेझरवर बटणं दाबू? पुतणीच्या हाताखाली?"

"माल कोण आणणार? मला येतं का ते? तिला येतं का?" बाळा म्हणाला. "व्यापारी तुला ओळखतात. आम्हाला नाही."

धर्मेश हसला की काय, हे नीट कळलं नाही. "दादा, तुला कुठलीच बँक उभं करत नाही आणि तू जामीन राहत फिरतोस."

"शेठ तरी करील."

धर्मेशनं फोन काढला, नंबर लावला आणि वाजत असतानाच तो बाळाच्या हातात दिला. मग उठून आत गेला. पलीकडून शेठचा आवाज आला, बाळा बोलायला लागला. बोलता बोलताच आत मोटरचं बटण खाली पडल्याचं त्यानं ऐकलं. एकामागून एक ड्रम मंदावत गेले, ओल्या कपड्यांच्या ओझ्यानं एकदोनदा डुलले आणि थांबले. पन्हळीतून पाणी मात्र बराच वेळ येत राहिलं. धर्मेश तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि ते संपेपर्यंत तिथून हलला नाही.